कारखान्याच्या सभेत अकरा मिनिटांत चौदा विषय मंजूर. मग लोकशाहीत राखण कोण करतं?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातली. घरी तीन एकर ऊस, वडील सहकारी साखर कारखान्याचे जुने सभासद. मी राज्यसेवेचा अभ्यास करते. पुस्तकात एक धडा आहे, मूठभर हितसंबंधी लोकांनी सरकार आपल्या खिशात घालू नये म्हणून लोकशाहीत काय काय सोयी असतात त्याचा. निवडणुका, न्यायालयं, वृत्तपत्रं, माहितीचा अधिकार. मला तो तोंडपाठ आहे.

गेल्या सप्टेंबरात वडिलांबरोबर कारखान्याच्या वार्षिक सभेला गेले. मंडप भरला होता. सचिवांनी विषय वाचायला सुरुवात केली आणि पुढच्या चार रांगांतून प्रत्येक विषयाला "मंजूर, मंजूर" असा आवाज उठायला लागला. विषय धड वाचूनही व्हायचा नाही. मी मोबाईलमध्ये वेळ बघितली. चौदा विषय, अकरा मिनिटं. सातव्या विषयाला वडील उठले, त्यांना वजनकाट्याबद्दल विचारायचं होतं. माईक घेऊन फिरणारा मुलगा त्यांच्यापासून दोन हातांवर होता. तो वळला आणि दुसऱ्या बाजूला गेला. वडील थोडा वेळ उभे राहिले आणि बसले. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

आमच्याकडे कारखान्याचे संचालक, बँकेचे संचालक, जिल्हा परिषदेतले आणि त्याच्याही वरचे लोक, सगळे एकाच घरातले नाहीतर सोयऱ्यातले. उसाचे नियम जिथं ठरतात तिथंही कारखानदारीतलीच माणसं बसलेली. त्यांनी काही बळजबरीनं सत्ता घेतलेली नाही. आम्हीच मतं दिली, आणि मला बोचतं ते हेच. वडील म्हणतात, "मत पाच वर्षांतून एकदा, ऊस दरसाल." कुणी तोंड उघडलं तर त्याच्या शेतात ऊसतोडीची टोळी उशिरा येते. उसाला तुरा येतो, वजन घटतं, आणि तक्रार तरी कशाची करायची? टोळी उशिरा आली म्हणून?

तर मला पुस्तकातलं उत्तर नको आहे. ज्यांच्यावर नियम लावायचा तेच नियम करायला बसले असतील, तर लोकशाहीत राखण नेमकी कोण करतं, कुठं करतं? तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेलं सांगा.

पंचगंगा_पलीकडे

ताई, आमचं गाव कर्नाटकच्या हद्दीला लागून, म्हणून सांगतो. दुसरा गिऱ्हाईक हीच खरी राखण. पलीकडचे कारखाने ऊस न्यायला तयार असतात, म्हणून अलीकडचे आमच्याशी नीट बोलतात. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं अधिसूचना काढली होती की ऊस राज्याबाहेर न्यायचा नाही. कारण दिलं होतं पाऊस कमी आणि ऊस कमी. पण ऊस कमी असला की भाव चढतो, आणि तो चढलेला भाव आमच्या पदरात पडायच्या ऐन वेळेला दार बंद. शेतकरी संघटना रस्त्यावर उतरल्या आणि आठवड्याभरात अधिसूचना मागं घ्यावी लागली.

आणि ते पंचवीस किलोमीटरचं बघा. दोन साखर कारखान्यांत हवाई अंतर किमान १५ किलोमीटर असावं असं केंद्राचा नियम म्हणतो, महाराष्ट्रानं ते २५ केलं. साखर धंद्यासाठी केंद्रानं नेमलेल्या रंगराजन समितीनं २०१२ मध्येच सांगितलं होतं की ही अंतराची अट काढून टाका. अट आहे तिथंच आहे. नवा कारखाना जवळ आला नाही तर फायदा कुणाचा, हे काय सांगायचं?

शेतकी_खातं_निवृत्त

पोरी, तुझे वडील उभे राहिले आणि बसले, हे वाचून मला रात्री झोप आली नाही. मी चौतीस वर्षं एका सहकारी कारखान्याच्या शेतकी खात्यात काढली. तोडीच्या चिठ्ठ्या देणारा चिटबॉय म्हणून लागलो, क्लार्क म्हणून बाहेर पडलो. कारखान्याचं नाव सांगणार नाही.

वरच्या गड्यानं सांगितलं ते खरं आहे, पण तेवढ्यानं भागत नाही. सगळ्या महाराष्ट्राला कर्नाटकाची हद्द लागलेली नाही. आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या दारातही काटा त्याचाच असतो.

एक रात्र सांगतो. डिसेंबर होता, अडीच वाजले असतील. ऊस टाकायच्या गव्हाणीवर गाड्यांची रांग, मळीचा वास, अंगावर चिमणीची काजळी. मी काट्याशेजारच्या खोलीत नोंदी करत होतो. एक शेतकरी ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या घेऊन आला. वजन झालं, पावती निघाली, भरल्या गाडीसकट २३ टन ७८० किलो. त्यानं टोपी काढली आणि टोपीत घडी करून ठेवलेली दुसरी पावती माझ्या टेबलावर ठेवली. येताना त्यानं बाजारपेठेतल्या खासगी काट्यावर तीच गाडी घातली होती. तिथलं वजन २४ टन ३१०. मला म्हणाला, "क्लार्कसाहेब, पाचशेतीस किलो वाटेत कुठं सांडलं, तेवढं सांगा."

आमचा काटा खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही, कारण मला ते माहीत नाही. तो बाहेरचा काटाही चुकलेला असू शकेल. पण काट्यावरचा माणूस कारखान्याचा, पावती छापणारं यंत्र कारखान्याचं, तक्रार लिहायची वही माझ्या खणात आणि तक्रारीचा निकाल देणारा शेतकी अधिकारीही कारखान्याचाच. त्याला मी काय उत्तर देणार? वहीत दोन ओळी लिहून घेतल्या. पुढच्या हंगामात तोडीचा कार्यक्रम लागला तेव्हा त्याच्या नावापुढची तारीख मागं ढकललेली मला दिसली. मार्चमध्ये त्याचा ऊस तुटला. मी गप्प बसलो. नोकरी होती, दोन पोरी शिकत होत्या. त्याचं ओझं अजून आहे.

तेव्हापासून मी एकच गोष्ट बघत आलो. तागडी, हिशेब, पैसे आणि न्याय ही चार कामं एका हातात आली की संपलं. तिथं देवमाणूस बसवा, तोही दहा वर्षांत बिघडेल. लोकशाहीत जी काही राखण आहे ती ही कामं एकमेकांपासून तोडून वेगवेगळ्या हातांत देण्यात आहे. आपल्या उसातच बघ.

उसाचा किमान दर कारखाना ठरवत नाही आणि राज्यही ठरवत नाही. कृषिमूल्य आयोग शिफारस करतो, केंद्र तो दर जाहीर करतं, त्यालाच एफआरपी म्हणतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय की ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर सालीना १५ टक्के व्याज. हे दिल्लीत ठरतं म्हणून आपल्याकडचे पुढारी कितीही मोठे असले तरी आकडा त्यांच्या हातात नाही. थकवलेले पैसे वसूल करायचे तर पुण्याच्या साखर संकुलातून साखर आयुक्त महसुली वसुलीचं प्रमाणपत्र काढतात, त्याला आम्ही आरआरसी म्हणतो, आणि जिल्हाधिकारी कारखान्याची साखर जप्त करू शकतो. काट्याची तपासणी वैध मापनशास्त्र खात्याकडे. हंगामात भरारी पथक फिरतं. निवडणूक पूर्वी सरकारच्या मर्जीवर लांबायची. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ मध्ये राज्याचा सहकार कायदा बदलला आणि सहकारी निवडणूक प्राधिकरण आलं. लांबवण्याच्या वाटा अजून आहेत. कोविड झाला, मग पावसाळ्याचं कारण झालं. पण मतदार यादी आता चेअरमनच्या टेबलावर अंतिम होत नाही, हा फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे.

भिंतीला भोकं कुठं आहेत तेही सांगतो. लेखापरीक्षक पूर्वी सरकार द्यायचं. आता सरकारी नामिकेतून, म्हणजे सरकारनं मान्य केलेल्या यादीतून, सभेनं निवडायचा असतो. म्हणजे ज्याची वही तपासायची तोच तपासनीस निवडणार. तुझ्या त्या चौदा विषयांत हा एक नक्की असणार, आणि त्यालाही "मंजूर" झालं असणार. दुसरं भोक उताऱ्याचं. शंभर किलो उसातून साखर किती निघाली त्यावर दर हलतो, आणि ते मोजणारी प्रयोगशाळा कारखान्याच्या आवारात. माझ्या सगळ्या नोकरीत तिथं शेतकऱ्याच्या बाजूचा माणूस उभा राहिलेला मी पाहिला नाही. काट्यापेक्षा मोठी गोष्ट ही आहे, पण ती डोळ्यांना दिसत नाही म्हणून कुणी भांडत नाही.

आणि सहकाराला नुसत्या शिव्या देऊ नका. प्रवरेचा कारखाना १९५० मध्ये सुरू झाला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भागभांडवल गोळा केलं, आणि पहिले अध्यक्ष झाले धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ. मला यात फार मोठी अक्कल दिसते. आपल्यातला नसलेला, जाणता माणूस अध्यक्षाच्या खुर्चीत बसवायचा. पुढं ती रीत उरली नाही.

कृष्णाकाठ

काका, तुम्ही इतकं मोकळेपणानं लिहिलंत, कसे आभार मानू. वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं. टोपीतल्या पावतीपाशी त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला सांगितलं.

एक विचारायचं राहिलं. दर दिल्लीत ठरतो, वसुली आयुक्त करतात, काटा दुसरं खातं बघतं, हे समजलं. पण तोडून ठेवलेली कामं कुणी परत एकत्र बांधली तर? कायदा न बदलता नुसता शासन निर्णय काढून?

शिवाजीनगर_कोर्ट

तुम्ही विचारलंत तसं घडलेलं आहे. मी वकिली करतो, सहकाराची प्रकरणं बघतो.

२१ फेब्रुवारी २०२२ ला राज्य सरकारनं एक शासन निर्णय काढला. त्याआधी पहिलं बिल मागच्या हंगामाच्या उताऱ्यावर निघायचं. निर्णयानं सांगितलं की चालू हंगामाचा उतारा धरायचा. पण तो हंगाम संपल्याशिवाय कळत नाही, म्हणून तोवर पुणे आणि नाशिक विभागात १० टक्के, बाकी विभागांत ९.५ टक्के उतारा गृहीत धरून पहिला हप्ता द्या, उरलेलं नंतर.

वाचायला किती निरुपद्रवी वाटतं. आता हिशेब करा. त्या हंगामात एफआरपी १० टक्के उताऱ्याला क्विंटलमागे २९० रुपये होती आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला २ रुपये ९० पैसे. ज्या कारखान्याचा उतारा १२ टक्के, त्याची एफआरपी ३४८ रुपये होते. म्हणजे क्विंटलला ५८, टनाला ५८० रुपये हंगाम संपेपर्यंत कारखान्याकडे. तीन एकरांत एकरी ४० टन धरले तर १२० टन, म्हणजे ६९,६०० रुपये. ऊस डिसेंबरात गेला, सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचं, आणि तुमचे सत्तर हजार दुसऱ्याच्या खात्यात. दर एक पैशानं कमी केला नव्हता, फक्त तारीख हलवली होती. मोठ्या घराण्यांचं आणि मोठ्या धंद्यांचं वजन सहसा अशाच ठिकाणी लागतं, परिशिष्टात, तारखेत, व्याख्येत. "उसाचा दर कमी करा" असं विधानसभेत उभं राहून कोण म्हणेल?

माजी खासदार राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं तो शासन निर्णय रद्द केला. केंद्राच्या आदेशानं जे ठरवून दिलंय त्यात राज्याला असा फेरफार करता येणार नाही, हा त्यातला गाभा. काकांनी सांगितलेलं कामांचं तोडणं इथं कामाला आलं. मात्र निकालाला तीन वर्षं लागली आणि मधले हंगाम गेले, हेही तितकंच खरं. राखण उशिरा धावली तर चोरीला गेलेलं पीक परत उभं राहत नाही.

पक्षांच्या पैशाचंही हेच. निवडणूक रोखे आणताना २०१७ च्या वित्त कायद्यानं कंपन्यांच्या देणग्यांवरची, तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकली होती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं रोखे घटनाबाह्य ठरवले, कारण कोण कुणाला पैसे देतंय हे कळणं हा मतदाराचा हक्क आहे. तिथंही मधे निवडणुका होऊन गेल्या होत्या.

आता तुमच्या वडिलांसाठी. सभेत माईक मिळाला नाही तरी कागद मिळतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ नं सभासदाला सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, लेखापरीक्षित ताळेबंद आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी बघता येतात. लेखी मागा आणि पोच घ्या.

माहितीचा अधिकार थेट कारखान्याला लावू नका. सहकारी संस्था केवळ सहकार कायद्याखाली नोंदली म्हणून सार्वजनिक प्राधिकरण होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये केरळच्या थलप्पलम बँकेच्या प्रकरणात म्हटलं. तिथं बरेच जण हात टेकतात. त्याच निकालात दुसरं दार उघडं ठेवलंय. निबंधकाला, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कायद्यानं जी माहिती संस्थेकडून घेता येते, ती निबंधकाकडे मागता येते. साखर कारखान्यांसाठी ते काम प्रादेशिक साखर सहसंचालक बघतात, म्हणून अर्ज त्यांच्या कार्यालयात करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा काट्याचा अर्ज वेगळा, उताऱ्याचा वेगळा. काट्याच्या पडताळणीची प्रमाणपत्रं वैध मापनशास्त्र कार्यालयाकडे मागा. ते तर सरळ सरकारी खातं आहे, तिथं हा वादच नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील.

आणि अर्ज एकट्यानं करू नका. पाच-सहा गावांतून, निरनिराळ्या नावांनी, एकाच आठवड्यात जाऊ द्या. तोडीची तारीख मागं ढकलायची भीती तुम्ही लिहिलीत, ती खरी आहे. पण एकाची तारीख गुपचूप हलते, चाळीस जणांची हलवली तर गाळपाचाच कार्यक्रम कोलमडतो.

शेतकी_खातं_निवृत्त

वकीलसाहेबांचं शेवटचं अगदी बरोबर. तोडीचा कार्यक्रम लावणीच्या तारखेप्रमाणे आणि उसाच्या जातीप्रमाणे लागतो, ती यादी शेतकी गटाच्या ऑफिसात असते. तुमची ऊसनोंद झाली की नोंदीच्या पावतीवर लावणीची तारीख बरोबर पडली का ते त्याच दिवशी बघा. ८६०३२ या उसाच्या जातीची नोंद दुसऱ्याच जातीत पडलेली मी कितीदा दुरुस्त केली आहे. लावणीची तारीख चुकली की पुढं कुणी मुद्दाम काही करायची गरजच राहत नाही. नोंदीच्या पावतीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

पंचगंगा_पलीकडे

काका, आमच्या गटातल्या यादीची झेरॉक्स मागितली तर "मिळत नाही" म्हणतात.

शेतकी_खातं_निवृत्त

तोंडी मागितली तर मिळणार नाही. लेखी अर्ज द्या, दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का मारायला नकार दिला तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवा. मी टेबलाच्या पलीकडे बसायचो तेव्हा आवक शिक्क्याच्या कागदाला आम्ही वेगळ्या फायलीत ठेवायचो, कारण त्याचं उत्तर द्यावं लागायचं.

कृष्णाकाठ

काल रात्री वडिलांनी माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात एकोणीस वर्षांच्या काटापावत्या निघाल्या, हंगामवार सुतळीनं बांधलेल्या. मला माहीतच नव्हतं. काही इतक्या फिकट झाल्यात की उजेडाला धरल्याशिवाय आकडा दिसत नाही. आई त्यांना रद्दी म्हणायची. सकाळी मी आणि धाकट्या भावानं जमिनीवर पसरून फोटो काढायला घेतले. सात हंगामांचे झाले.

दोन अर्ज लिहिले आहेत, काट्याच्या पडताळणीचा १२० शब्दांचा आणि उताऱ्याचा १३१. शेजारच्या वाडीतले दोघं सही करायला तयार आहेत, तिसरे म्हणाले हंगाम संपू दे. वडिलांनी पहिली सही केली. वकीलसाहेब, एक विचारायचं होतं. उताऱ्याच्या अर्जात रोजच्या उताऱ्याची नोंदवही मागू, की पंधरवड्याचा अहवाल? वडील म्हणतात रोजची माग.